उणे चाळीसातलं शहर

पहिल्या नकाशात माझं कल्पनेतलं शहर पांढरंशुभ्र होतं. कड्याच्या टोकावर सात मनोरे, मनोऱ्यांना जोडणारे निमुळते पूल, पुलांना कठडे नाहीत (एल्फ, म्हणजे युरोपी कथांमधली शेकडो वर्षं जगणारी मंडळी, घसरत नाहीत, हे मी गृहीत धरलं होतं), खाली गोठलेलं सरोवर आणि त्यात या सगळ्याचं प्रतिबिंब. नाव ठेवलं होतं एलाथिरल. एल्फांच्या शहराचं नाव ठेवणं फार अवघड नसतं. दोन 'ल', एक 'थ' आणि मधे कुठेतरी जीभ अडखळेल अशी सोय केली की झालं.

ती वही माझ्या भाचीच्या हाती लागली. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, म्हणजे कुठल्याही गोष्टीतलं भोक शोधून त्यात बोट घालायच्या वयाची. तिने नकाशा दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "मावशी, यांच्या घरांना धुराडी का नाहीत?"

"त्यांना थंडी वाजत नाही," मी म्हणाले.

"मग त्यांना एवढ्या थंडीत ठेवलंस कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, पण ते तिला सांगायची लाज वाटली. बर्फ दिसायला छान दिसतो, एवढंच. माझ्या शहरातली थंडी नाटकातल्या मागच्या पडद्यासारखी टांगलेली होती. कुणाच्या अंगाला ती लागत नव्हती, तिच्यापायी कुणाचं काही अडत नव्हतं, तिने कुणाचा स्वभाव बदलला नव्हता. त्या संध्याकाळपासून मी एलाथिरल पाडायला घेतलं. बांधायला जेमतेम दोन महिने लागले होते. पाडणं चार वर्षं चाललंय.

एल्फ म्हणजे मुळात कोण, इथून सुरुवात केली. आपल्याकडे त्यांना चपखल शब्द नाही. यक्ष म्हटलं की खजिना आठवतो, गंधर्व म्हटलं की गाणं, परी म्हटलं की पंख. मी तिघांनाही वहीत आळीपाळीने राहायला बोलावून पाहिलं आणि तिघांनाही नारळ दिला. मग उत्तरेकडच्या जुन्या उल्लेखांकडे वळले, तर तिथले एल्फ वेगळेच निघाले. तेराव्या शतकातल्या आइसलँडमध्ये उजळ एल्फ आणि काळे एल्फ अशी विभागणी लिहून ठेवलेली सापडते. पण मला भावला तो त्याच्याही आधीचा, १०१८च्या सुमाराचा एक प्रसंग. नॉर्वेच्या राजाचा कवी स्वीडनच्या वाटेवर होता. दिवस मावळल्यावर तो एका वाडीवर आसरा मागायला गेला. दारात उभ्या असलेल्या बाईने त्याला आत घेतलं नाही. घरात एल्फांसाठी बळीचा विधी चालू आहे, परक्याने आत यायचं नाही, असं तिने बजावलं आणि दार लावलं.

त्या विधीत एल्फांना काय वाहिलं, ते कसे दिसतात अशी समजूत होती, यातलं कवीने काहीच सांगितलेलं नाही. त्याला फक्त बंद दार दिसलं. मला तेवढं पुरलं. मनोरे, पूल, चांदण्यातली गाणी हे सगळं नंतर लोकांनी चढवलेलं. मुळाशी आहे ते थंडीच्या तोंडावर लागलेलं एक दार आणि बाहेर राहिलेला एक माणूस. शहराची पहिली खरी वस्तू म्हणून मी हे दार उचललं. त्याला कडी कधी लागते आणि ती कोण लावतं, हे मात्र बरंच नंतर सुचलं.

थंडी म्हणजे काय, ते मला याकुत्स्कने शिकवलं. सायबेरियात लेना नदीच्या काठी १६३२ साली वसलेलं हे शहर. आज तिथे तीन लाखांहून जास्त माणसं राहतात आणि जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास असतं. सरासरी, बरं का. उणे ३९ला पारा गोठतो, म्हणजे थंडी मोजायचं यंत्रच थंडीपुढे हात टेकतं. या शहरात १८२८ साली एका व्यापारी कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. जमीन गोठलेली होती, पण कधीतरी खाली मऊ माती लागेल, पाणी लागेल, या आशेवर तो खणत राहिला. आठ वर्षं. १८३६ साली थांबला तेव्हा विहीर ११६ मीटर खोल गेली होती आणि तळाची माती अजूनही गोठलेलीच होती. त्या विहिरीला कोरडी म्हणावं तरी पंचाईत. पाणी होतंच की तिथे, फक्त दगड होऊन बसलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी तिच्यात तापमापक सोडून गोठलेल्या जमिनीचा अभ्यास केला, त्यामुळे शेर्गिनचे कष्ट अगदीच पाण्यात गेले असं म्हणता येत नाही. पाण्यात जायला पाणी तरी हवं.

या गोठलेल्या जमिनीवर घर बांधलं तर काय होतं? घरात चूल पेटते, ऊब जमिनीत उतरते, खालचा बर्फ वितळतो, जमिनीचा चिखल होतो आणि घर कलतं. याकुत्स्कमधली कित्येक जुनी लाकडी घरं अशीच खिडक्यांपर्यंत खचली. आता तिथल्या इमारती खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या करतात आणि खालून वारा वाहू देतात, म्हणजे जमीन थंडच राहते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. थंडी घराची शत्रू असणार, असं मी धरून चालले होते. पण इथे घराची ऊबच घराचा पाया खाते. ज्याच्यामुळे जगायचं, त्यानेच बुडायचं. एवढी चांगली शोकांतिका मला सात जन्मांत सुचली नसती, आणि ती इथे जमिनीतून फुकट मिळत होती.

सात मनोरे गेले. दगडाचं ते ओझं पहिल्या शेकोटीलाच भेगाळलं असतं. नवं शहर खांबांवर उभं राहिलं, बुटकं, दाटीवाटीचं, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून बसलेलं. पहिला कायदाही झाला: तापलेल्या घराने जमिनीला शिवायचं नाही. मग कामं आपोआप सुचत गेली. बर्फात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो. तेव्हा भिंतीलगतचा बर्फ जपायचा, पण घराखालचा उपसून टाकायचा, नाहीतर जमिनीलाच गोधडी पांघरल्यासारखं होईल. हे उपसायचं काम कुणाचं? जो वाकून खांबांमध्ये शिरू शकतो त्याचं, म्हणजे मुलांचं. माझ्या शहरात मुलांना पहिल्यांदा काम मिळालं आणि त्याच क्षणी ती मुलं झाली. आधी ती नुसती लहान आकाराची एल्फ होती.

शब्दांचा प्रश्न इथे आडवा आला. थंडीसाठी मराठीत शब्द कमी नाहीत. गारठा, कडाका, हुडहुडी, शिरशिरी, काकडणं, कुडकुडणं, दातखीळ. पण जरा नीट पाहिलं तर यातले बहुतेक शब्द आपल्या अंगाचं काय होतं ते सांगतात. बाहेर जे पडलंय, साचलंय, गोठलंय त्याच्यासाठी हिम, बर्फ, गारा, दहिवर असे मोजकेच हाताशी येतात. माझ्या एल्फांना मात्र बर्फाच्या जाती ओळखता आल्याच पाहिजेत, नाहीतर ते पहिल्याच हिवाळ्यात बुडून मरतील. म्हणून आहे त्याच शब्दांना कामाला लावलं. वाऱ्याने उडतो तो भुगा. वरून कडक आणि आतून पोकळ तो पापुद्रा. कडाका वाढला की बर्फ पायाखाली वाजायला लागतो, त्याला करकर. सरोवरावरच्या बर्फाचे प्रकार दोन, काळा आणि पांढरा. काळा म्हणजे आरपार दिसणारा, ज्याखालचं काळंभोर पाणी पाहून पाय उचलत नाही, तो. खरं तर तोच भरवशाचा. पांढऱ्या बर्फात हवेचे बुडबुडे आणि भिजून गोठलेला हिमाचा लगदा असतो, त्याच जाडीच्या काळ्या बर्फाच्या निम्मंच वजन तो पेलतो. माझ्या एल्फांच्या तोंडी म्हण आली: पांढऱ्याला भुलू नये. ती लिहिली आणि पहिल्या नकाशाची आठवण होऊन मीच ओशाळले.

आता सरपण. कुठल्याही काल्पनिक शहरातल्या कवींची नावं मला सांगू नका, तिथे काय जाळतात ते सांगा.

एल्फ म्हटले की प्रचंड वृक्ष आलेच, अशी आपली समजूत. पण कडाक्याच्या प्रदेशात प्रचंड वृक्ष येणार कुठून? सायबेरियातले लार्च गोठलेल्या जमिनीवर उगवतात. उन्हाळ्यात वरचा जेमतेम हात-दोन हात थर सुटतो, तेवढ्यातच मुळं पसरायची. जंगलाच्या उत्तर सीमेवर तर मनगटाएवढं खोड व्हायला शंभर वर्षंही लागू शकतात. जमीन गोठताना-सुटताना वरखाली होते आणि झाडं दारू प्यायल्यासारखी तिरपी होतात. असल्या जंगलावर कुऱ्हाड चालवायची म्हणजे पणजोबांची पुंजी मोडायची. आइसलँडमध्ये तेच घडलं. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसं वस्तीला आली तेव्हा बेटाचा २५ ते ४० टक्के भाग बर्चच्या झाडीखाली होता असा अंदाज आहे. घरं, सरपण, लोखंडासाठी कोळसा आणि मोकाट चरणाऱ्या मेंढ्या यांनी काही शतकांत ती झाडी खाल्ली. झाडी गेली तशी मातीही वाऱ्याने नेली. विसाव्या शतकापर्यंत जेमतेम एक टक्का उरली होती. लाकूड मग समुद्रातून वेचायचं. सायबेरियाच्या नद्यांनी वाहून आणलेले ओंडके बर्फात अडकून तरंगत तरंगत आइसलँडच्या किनाऱ्याला लागतात, ते.

माणसांना यात दोष देणं सोपं आहे. पण ज्याचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं, त्याने दोनशे वर्षांनी तोडायचं झाड कसं डोळ्यांसमोर ठेवावं? हा हिशेब त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

आणि इथे, चार वर्षांच्या खटपटीत पहिल्यांदाच, मला भाचीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. एल्फांना थंडीत कशाला ठेवायचं? कारण ती जमीन सावकाश चालते आणि तेही सावकाश चालतात. स्वीडनमधल्या फुलुफ्येलेत डोंगरावर एक स्प्रूस आहे. दिसायला अगदीच किरकोळ, उंची पाचेक मीटर. पण त्याच्या मुळाखाली सापडलेलं लाकूड सुमारे ९,५५० वर्षांचं निघालं. वरचं खोड काही शतकांचं, ते मरतं. मुळातून दुसरं उगवतं. कधी खालच्या फांद्या बर्फाच्या ओझ्याने जमिनीला टेकतात आणि तिथेच मूळ धरतात. म्हणजे झाडाला जो बर्फ दाबतो, तोच त्याला पुढच्या जन्माची सोय करून देतो. असल्या झाडाची राखण करायला साठ वर्षांचा माळी काय कामाचा? त्याला नऊशे वर्षांचाच हवा.

तेव्हा माझ्या शहरात प्रत्येक झाडाची नोंद आली. कुठला लार्च कुठल्या शतकात तोडायचा हे ठरलेलं. एखादा वनपाल आपण लावलेलं रोप स्वतः तोडतो, तीनशे वर्षांनी, आणि त्या दिवशी घरी जेवत नाही. शहराचं नावही तेव्हाच बदललं. एलाथिरलऐवजी तेवण. तेवत राहायचं एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

खाण्याचा भाग मी लवकर उरकते, कारण त्यात माझी बरीच फजिती झाली. पहिल्या वहीत माझे एल्फ फळं, मध आणि पानांवरचं दव यांवर जगत होते. उणे चाळीसात फळ म्हणजे दगड. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांनी सील आणि व्हेल यांच्यावर हजारो वर्षं काढली. दिव्यातही सीलचीच चरबी, तो दिवाच चूल, तोच उजेड, त्याच्यावरच कपडे वाळवायचे. भाजी नाही तरी त्यांना स्कर्वी होत नसे, कारण व्हेलची कच्ची कातडी आणि सीलचं कच्चं काळीज यांत क जीवनसत्त्व असतं. शिजवलं की त्यातलं बरंच जातं. तेव्हा माझ्या नाजूक, लांब बोटांच्या एल्फांना कच्चं काळीज खावं लागलं. लिहिताना मला कसंसंच झालं. त्यांना काहीच वाटलं नाही.

मासा मात्र माझ्या मनात घर करून राहिला. नॉर्वेच्या लोफोटन बेटांवर फेब्रुवारी ते मे या काळात कॉड मासे लाकडी मांडवांवर जोड्या बांधून टांगतात. मीठ नाही, धूर नाही. तिथली हवा शून्याच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळते. जास्त गोठला तर मासा बिघडतो, जास्त उबला तर सडतो. त्या नेमक्या हवेत तो लाकडासारखा वाळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मध्ययुगात हा मासा बर्गेन बंदरातून युरोपभर जाई आणि बदल्यात धान्य येई. इथेच राजकारण शिरतं. १२८४ साली हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या शहरांनी नॉर्वेचं धान्य अडवलं आणि राजाला नमतं घ्यावं लागलं. ज्याच्याकडे मासा आहे पण गहू नाही, त्याच्या मानेवर कायम कुणाचा तरी हात असतो.

तेवणच्या मानेवरही असा हात हवा होता. नगरराज्य म्हणजे आपल्यापुरतं जग, अशी आपण कल्पना करतो. पण खरी नगरराज्यं आपल्यापुरती कधीच नव्हती. तिथे पिकत कमी, विकत जास्त. थंडीतल्या नगरराज्याचा उत्तम नमुना पाहायचा तर रशियातलं नोव्हगोरोद. त्याला 'महाराज नोव्हगोरोद' म्हणत. तिथे राजा खरा नव्हता, शहरच राजा होतं. ११३६ साली लोकांनी आपल्या राजपुत्राला हाकललं आणि त्यानंतर राजपुत्र ठेवायचा तो करार करून. लढाईला हवा म्हणून बोलवायचा, नको झाला की वाट दाखवायची. त्याने शहराच्या मुलखात गावं विकत घ्यायची नाहीत, अशा अटीही करारात असत. सभेला बोलावणारी एक घंटा होती. १४७८ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने शहर गिळलं तेव्हा ती घंटाही उतरवून मॉस्कोला नेली. ओलीस धरावं तसं, एका आवाजाला.

या करारी राजपुत्रावरून मला तेवणमधली सगळ्यात आवडती युक्ती सुचली. तेवणचे एल्फ लढाईसाठी सरदार नेमतात, आणि तो कायम माणूसच असतो, एल्फ कधीच नाही. का? एल्फ सरदाराला एकदा सत्तेची चटक लागली तर तो सातशे वर्षं हलायचा नाही. माणसाचा करार आपोआप संपतो. आजवर तेवणने एकतीस सरदार पुरले. तो बिचारा तरुणपणी येतो, म्हातारा होऊन मरतो, आणि एवढ्या काळात सभेतले चेहरे तेच. त्याला वाटतं आपण यांच्यावर राज्य केलं. त्यांना वाटतं एक हिवाळा जरा लांबला.

नोव्हगोरोदबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिथली जमीन ओली, चिकट. तिच्यात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. रस्ते ओंडक्यांचे. चिखलात रुतले की त्यांच्यावरच नवे ओंडके टाकायचे. उत्खननात एका रस्त्याचे एकावर एक २८ थर निघाले, ९५३ ते १४६२ या काळातले. साल इतकं नेमकं, कारण ओंडक्यांची वलयं मोजता आली. आणि १९५१च्या जुलैत बर्च झाडाच्या सालीवर कोरलेलं पहिलं पत्र मिळालं. आता अशी पत्रं हजाराहून जास्त आहेत. उसनवारी, भांडणं, घोडा पाठव, पैसे दे, असल्याच गोष्टी. त्यांतली काही तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या सहा-सात वर्षांच्या मुलाची आहेत. त्याने मुळाक्षरं गिरवली, कंटाळा आला, मग घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा स्वतः काढला. दुसऱ्या एका सालीवर शेपटीवाला प्राणी काढून शेजारी लिहिलं, मी जंगली जनावर आहे.

तेवणचे सगळे कायदे, वंशावळी, तह लिहून झाले होते. ओन्फिमचं जनावर पाहिल्यावर कळलं की त्यांत एकही ओळ कुणी कंटाळून लिहिलेली नाही.

याच नोव्हगोरोदात १२३०च्या सप्टेंबरात अवेळी दहिवर पडलं आणि उभं पीक गेलं. लोकांनी झाडाच्या साली खाल्ल्या, शेवाळ खाल्लं, घोडे खाल्ले. माणसं रस्त्यात मरून पडली. पुढच्या वर्षी जर्मन व्यापारी समुद्रापलीकडून धान्य घेऊन आले आणि शहर वाचलं. तिथल्या बखरकाराने हे सगळं लिहून ठेवलं, पण तो गेला, त्याची नातवंडं गेली. माणसं दुष्काळ तीन पिढ्यांत विसरतात. विसरतात म्हणूनच त्याच जागी पुन्हा पेरतात. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी ज्वालामुखी आठ महिने ओकत राहिला, विषारी वायूने गवत आणि गुरं गेली, आणि त्यामागून आलेल्या उपासमारीत सुमारे पाचवा हिस्सा माणसं मेली. त्याच खोऱ्यांत आज मेंढ्या चरतात. हा विसरभोळेपणा आहे की धीटपणा, मला ठरवता येत नाही.

एल्फ विसरत नाहीत. माझ्या शहराचा खरा प्रश्न हा निघाला, आणि तो थंडीपेक्षा वाईट आहे. तेवणमध्ये सहाशे वर्षांपूर्वी एक हिवाळा झाला, ज्याला ते नुसतं 'तो' म्हणतात. त्या हिवाळ्यात शहरातले निम्मे लोक गेले. उरलेले निम्मे आजही जिवंत आहेत, सभेत बसतात आणि कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आहेत. त्यांना प्रत्येक मेलेल्याचं नाव माहीत आहे. शिवाय मेलेले कुठे गेलेतच कुठे? गोठलेली जमीन प्रेतं पचवत नाही. नॉर्वेच्या उत्तरेला असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येन गावात नवीन शवपेट्या पुरणं केव्हाच थांबवलं, कारण जमीन त्यांना कुजूही देत नाही आणि हळूहळू वर ढकलते. तेवणच्या टेकडीवर 'तो' हिवाळा तसाच झोपलेला आहे, चेहऱ्यांसकट. एका आईला आपली मुलगी सहाशे वर्षं तशीच दिसते. तिच्या हातात धान्याची किल्ली दिली तर ती उघडेल का?

ती उघडत नाही. कोठारात अकरा वर्षांचं धान्य पडून आहे, पोरं मात्र मोजून खातात. चुलींची संख्या ठरलेली, खोलीत किती वेळ जाळ राहील ते ठरलेलं. शरदात पहिला काळा बर्फ धरला की वेशीचं दार लागतं ते वसंतातच उघडतं. मधे कुणी वाट चुकलेला आला तर त्याला दारातूनच सांगायचं, आत विधी चालू आहे. विधी वगैरे काही नसतो. आत मोजदाद चालू असते. तो कवी आणि ती दारातली बाई मला इथे परत भेटली, आणि त्या बाईचा राग येईना.

मी तरुणांची बाजू घेऊन लिहायला बसले होते. दीडशे वर्षांची एक पोरगी आहे, 'तो' हिवाळा न पाहिलेली. ती सभेत उभी राहून म्हणते, तुम्ही जगायला साठवलंत की मरायला? वाक्य टाळ्या घेणारं आहे, म्हणूनच मला संशय येतो. कारण पानाच्या दुसऱ्या बाजूला ती आई बसलेली आहे आणि ती काही बोलत नाही, फक्त किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेते. दोन वर्षं हा प्रसंग मी आठ वेळा लिहिला. तीनदा पोरगी जिंकली, चारदा आई. एकदा सभा मतदान न करताच उठली, कारण जाळाची वेळ संपली. तो खर्डा मी ठेवलाय.

मागच्या महिन्यात भाची आली होती. आता ती पंधरा वर्षांची आहे, प्रश्न कमी विचारते आणि जास्त वेळ गप्प बसते. मी तिला नवा नकाशा दाखवला. खांबांवरची काळपट घरं, धुराडी (मोजून चारशे बारा), माशांचे मांडव, झाडांची नोंदवही, टेकडी, वेस. तिने बराच वेळ पाहिला. मी आपली समजावत होते, ऊब कशी मोजतात, खिडक्या हिवाळाभर कशा लिंपून टाकतात, फट राहिली तर दंड काय.

तिने माझी पेन्सिल घेतली. पूर्वेकडच्या एका घरावर बारीक चौकोन काढला आणि शेजारी लिहिलं: ही रोज रात्री उघडते.

"कोण उघडतं?" मी विचारलं.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली, "पण कुणीतरी उघडत असणारच ना."

ती गेल्यावर मी हिशेबाची वही काढली. एक वीतभर खिडकी, उणे चाळीस, अशी समजा अर्धा तास. लार्चचा निम्मा ओंडका, रोज. हिवाळ्याचे दोनशे दिवस धरले तर शंभर ओंडके. तीनशे वर्षांची दोन-अडीच झाडं, फक्त कुणाला तरी बाहेर बघायचं असतं म्हणून. नोंदवहीत ती कुठे दाखवायची, ते अजून जमलेलं नाही. खिडकी मात्र मी खोडलेली नाही.